किलोभर ज्वारीत गव्हाचे सहा दाणे: सिलिअ‍ॅक असलेल्या लेकराचं खाणंपिणं

एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. गव्हाच्या पिठात ग्लूटेन नावाचं प्रथिन वजनाच्या आठेक टक्के धरलं, तर एका पोळीत ते २४०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळं आतडं झिजण्याचा आजार) असलेल्या बहुतेक रुग्णांच्या आतड्याला दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं, तर तीन महिन्यांत आतड्याला इजा झालेली दिसते. आता पोळीचे पन्नास तुकडे करून बघा. त्यातला एक तुकडा म्हणजे ते ५० मिलिग्रॅम. ताटात सांडला तर दिसायचाही नाही.

आजी, मावशी, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एवढ्याशानं काय होतंय?" त्याचं उत्तर हा हिशोब आहे. तो घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांच्या हातचं लेकरू खातं त्यांना, एकदा बसून समजावून सांगितला पाहिजे.

आजार नेमका काय

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखी बारीक बोटं असतात. पचलेलं अन्न तीच शोषून घेतात. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, बार्ली (जव) आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा बिथरते आणि या लवेवरच हल्ला करते. लव झिजते, आतडं सपाट होतं, आणि मग दूध-तूप-अंडी कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही.

लक्षणं सगळ्यांची सारखी नसतात. वारंवार पातळ, चिकट, घाण वासाची शी होणं, हातपाय काड्या आणि पोट मात्र फुगलेलं, हे पुस्तकातलं चित्र. पण काही लेकरांना उलट बद्धकोष्ठता असते. काहींची फक्त उंची वाढत नाही. काहींचं रक्त लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही वाढत नाही. तोंडात सतत फोड, सतत किरकिर, वयात यायला उशीर, हेही त्यातलंच. "जंत असतील" म्हणून जंताचं औषध तीन-चारदा होतं, टॉनिकच्या बाटल्या संपतात आणि मधली दोन वर्षं निघून जातात.

गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात खाल्ल्याबरोबर पित्त उठतं, ओठ सुजतात, धाप लागते, आणि बरीच मुलं वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात. सिलिअ‍ॅक मात्र जन्मभराचा आहे. "मोठं झाल्यावर खाईल की" हे इथं लागू नाही.

गव्हाचा हा दोष ओळखला हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं भयंकर अन्नटंचाई झाली, पाव मिळेना. तेव्हाही या आजाराची मुलं बिघडण्याऐवजी सुधारत होती, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडू लागली. औषध त्याआधीही नव्हतं, आजही नाही. उपाय एकच, ग्लूटेन पूर्ण बंद.

गहू बंद करायच्या आधी तपासणी

सगळ्यात जास्त चूक इथं होते. कुणीतरी सांगतं, "गहू सोडून बघा," लेकरू महिन्या-दोन महिन्यांत सुधारतं, आणि मग डॉक्टरकडे जातात. तोवर रक्तातली खूण कमी झालेली असते, आतडंही भरून येऊ लागलेलं असतं, आणि तपासणी खोटी चांगली येते. मग निदान पक्कं करायला लेकराला काही आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालावा लागतो आणि ते पुन्हा आजारी पडतं. म्हणून तपासण्या पुऱ्या होईपर्यंत रोजचं पोळी-बिस्कीट चालू ठेवा.

रक्ताच्या तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. सोबत 'टोटल आयजीए' करायला सांगा, कारण काही मुलांच्या अंगात आयजीए (रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी) मुळातच कमी असतं आणि त्यांचा टीटीजी आजार असूनही नॉर्मल दिसतो. टीटीजी वाढलेला असेल तर तोंडातून दुर्बीण घालून आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-पाच बारीक तुकडे तपासतात. टीटीजी नॉर्मलच्या दहापट किंवा त्याहून वर असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. हा निर्णय मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांचा.

एका लेकराला निघालं की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजी करून घ्या, त्रास नसला तरी. शंभरातल्या पाच ते दहा जवळच्या नातलगांत तो सापडतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांतही तो जास्त दिसतो.

आपल्याकडची भाकरी आणि तिच्यातला धोका

पंजाब-हरियाणातल्या आईपुढं पहिला प्रश्न असतो, रोटीऐवजी काय? मराठवाड्यात तो प्रश्नच नाही. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, शेंगदाणे, तीळ, यांत कशातच ग्लूटेन नाही. बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडची रब्बी ज्वारी हे तर या आजारासाठी रोजचं अन्नच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये आलेलं 'परभणी शक्ती' हे वाण लोह आणि जस्त जास्त असलेलं आहे. या लेकरांना कमी पडतं ते नेमकं हेच दोन. आसपास कुणी ते पेरत असेल तर वर्षाची सोय त्यांच्याकडून करावी.

पण "आम्ही भाकरीच देतो, तरी टीटीजी उतरत नाही" असं सांगणारी घरं बरीच असतात. दिसणारा गहू त्यांनी केव्हाच काढलेला असतो. उरतो तो न दिसणारा, आणि तो बहुतेक वेळा गिरणीतून येतो.

गिरणीवाला आधीच्या बाईचे दहा किलो गहू दळतो आणि लगेच तुमची ज्वारी टाकतो. दगडांच्या फटीत, खालच्या पेटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत गव्हाचं पीठ अडकून राहिलेलं असतं. समजा फक्त एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, तुमच्या एक किलो पिठात आलं. त्यात ४०० मिलिग्रॅम ग्लूटेन. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमानुसार 'ग्लूटेन-फ्री' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन लागतं. म्हणजे ते पीठ मर्यादेच्या वीसपट वर गेलं. "ज्वारीची चक्की वेगळी आहे" असं गिरणीवाला म्हणाला तरी चाळणी, सूप, ब्रश, डबे आणि हवेत उडणारं पीठ एकच असतं. घट्ट झाकून, "आधी किलोभर ज्वारी दळून ती जनावराला घालू," असं करून धोका कमी होतो, जात नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लहान घरघंटी, आणि तीत गहू कधीही न दळणं. जुनी, वापरलेली घेऊ नका, आत काय दळलंय ते धुऊन निघत नाही. शेजारी मागायला आले तर नाही म्हणायचं धैर्य ठेवा. एकदाच "पावशेर गहू" दळला की घंटी लेकरासाठी बाद. ती परवडत नसेल तर घरातलं जुनं जातं, त्यावर गहू दळलेला नसेल तर, घासून-धुऊन, उन्हात वाळवून, फक्त ज्वारीला ठेवा. लेकरापुरतं पीठ दिवसाला दीड-दोनशे ग्रॅमच लागतं.

दळण्याआधी धान्य. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅम वजनाचा, त्यात तीनेक मिलिग्रॅम ग्लूटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत, तिच्या अठ्ठावीस-तीस हजार दाण्यांत, गव्हाचे सहा दाणे सापडले की २० मिलिग्रॅमची मर्यादा जवळजवळ गाठलीच. हे दाणे येतात मळणी यंत्रातून, आणि गव्हाच्या जुन्या पोत्यांतून. म्हणून ज्वारी आडतीवरून घेण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, गव्हाची मळणी सुरू व्हायच्या आधी मळलेली, आणि नव्या पोत्यात भरलेली. घरी आल्यावर मोठ्या ताटात एका वेळी दोन मुठी पातळ पसरून निवडा. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गहू लांबट, मधून चीर असलेला, त्यामुळं उजेडात चटकन ओळखू येतो. एकदा निवडून झालं की दुसऱ्या कुणीतरी पुन्हा बघावं. थकलेल्या डोळ्यांना सहावा दाणा दिसत नाही. मग धुऊन कडक उन्हात वाळवावी, म्हणजे दाण्यावरची धूळही जाते.

स्वयंपाकघर

लाकूड पीठ धरून ठेवतं. त्यामुळं पोळपाट, लाटणं, काठवट लेकराची वेगळी. पिठाची चाळणी तर वेगळीच, तिच्या जाळीतलं पीठ कितीही आपटलं तरी निघत नाही. स्टीलची भांडी गरम पाण्यानं नीट घासली की चालतात. तवा शक्यतो वेगळा, नाहीतर आधी भाकरी, मग पोळ्या. पोळ्या करताना उडालेली पिठी हवेत बराच वेळ राहते, म्हणून लेकराचं जेवण करून, झाकून, बाजूला ठेवून मगच कणकेला हात लावा. तूप, लोणचं, चटणी यांच्या बरण्यांत पोळीचे कण गेलेला चमचा बुडतो. लेकराची बरणी वेगळी भरून वर लाल रिबीन बांधा. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाण्याचे पापड तळू नका.

खरं सांगायचं तर सगळ्या घरानं रोजची भाकरी करावी आणि पोळ्या सणासुदीला ठेवाव्यात, हे सर्वांत सोपं. दोन चुली सांभाळताना आईचीच दमछाक होते, आणि चूक दमलेल्या हातानंच होते.

आपल्याच पदार्थांतला लपलेला गहू

हिंग. डबीतल्या बांधलेल्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, कारण शुद्ध हिंग फार उग्र. वेष्टनावर घटक वाचा. गहू-मैदा नसून फक्त तांदळाचं पीठ किंवा डिंक असेल तर चालेल, घटक लिहिलेच नसतील तर हिंगाशिवाय फोडणी द्या. लसूण-जिऱ्यानं काही अडत नाही. रोजच्या वरणातून हिंग जातो, त्यामुळं टीटीजी उतरत नसेल तर गिरणीनंतर पहिला संशय त्याच्यावर.

येसर आणि मेतकूट. दोन्हींत डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालायची रीत आहे. घरचं येसर गव्हाऐवजी ज्वारी-बाजरी घालून उत्तम होतं. थालीपिठाची भाजणी आणि धपाट्याचं पीठ, यांतही चिकटपणासाठी कणीक पडते. लेकराचे धपाटे करताना दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी बेसन घ्या आणि कोमट पाण्यात किंवा ताकात मळा. शेंगोळ्यांच्या हुलग्याच्या पिठात काय मिसळलंय ते विचारूनच घ्यावं.

सातूचं पीठ पौष्टिक म्हणून लहान मुलांना देतात. सातू म्हणजे जव, आणि आपल्याकडं त्यात गहूही असतो. दोन्ही बंद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासूनच होतात. कुरडई गव्हाच्या चिकाची, शेवया गव्हाच्या. ज्वारीचे, तांदळाचे, साबुदाण्याचे पापड चालतात. खपली गहू "जुना, देशी, पचायला हलका" म्हणून कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. खपलीतही ग्लूटेन आहे, आणि सिलिअ‍ॅकला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. रवा, दलिया, मैदा ही तर गव्हाचीच रूपं, हे घरच्यांना माहीत असतं, पण सत्यनारायणाचा शिरा हातावर पडला की विसरतात. ओट्समध्ये बाजारात गहू-जव मिसळलेला असतो, म्हणून ते पहिलं वर्ष तरी नको, पुढंही डॉक्टरांना विचारूनच.

पाकिटावर इंग्रजीत 'व्हीट', 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', 'सेमोलिना', 'बार्ली', 'माल्ट' यांपैकी एकही शब्द दिसला की परत ठेवा. सोया सॉसमध्येही गहू असतो. सुटं फरसाण, सुटं उपासाचं पीठ, सुटा पेढा यांना वाचायला लेबलच नसतं, म्हणून ते घेऊ नये.

डब्यातली भाकरी दुपारी कडक होते

पोळी लवचिक होते ती ग्लूटेनमुळंच. ज्वारीत ते नाही, म्हणून पीठ नुसत्या पाण्यानं धरत नाही आणि गार भाकरी वाळते. उकड काढली की हा प्रश्न बराचसा सुटतो. एक वाटी ज्वारीच्या ताज्या पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. पाणी खळखळ उकळलं की पीठ टाका, उलथण्याच्या दांड्यानं भरभर हलवा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग सोसवेल तितकं गरम असतानाच ओल्या हातानं पाच मिनिटं मळा, अगदी लोण्यासारखं. ज्वारीचीच पिठी लावून लाटा आणि मोठ्या आचेवर शेका.

कडा फाटल्या तर पाणी कमी पडलं किंवा पीठ गार झाल्यावर मळलं. लाटण्याला चिकटलं तर पाणी जास्त झालं. सगळं बरोबर करूनही तुटत असेल तर पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. याच उकडीच्या पारीत पुरण भरून लहान पुरणपोळ्या होतात, पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना लेकराच्या पानात तेच वाढता येतं. पारी थोडी जाड ठेवा.

डब्यात आलटून-पालटून धिरडं, इडली, भगरीचा उपमा, पोहे, मुरमुऱ्याचा सुसला, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणा-गुळाचा लाडू. महागड्या ग्लूटेन-फ्री बिस्किटांची गरज नाही. त्यांत बहुधा साखर, तेल आणि स्टार्चच जास्त असतं.

शाळा, पंगत, शेत

शाळेत वर्गशिक्षिकेला एक पानभर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं. त्यात तीन गोष्टी: गहू-मैदा-रवा-बिस्कीट काहीच नाही, दुसऱ्याच्या डब्यातलं नाही, वाढदिवसाच्या दिवशी आधी कळवा, घरून लाडू पाठवू. शाळेची खिचडी तांदळाची असते, पण तिच्यात हिंग आणि तयार मसाला कोणता पडतो ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारा. अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या पाकिटातही गहू आहे का ते बघून घ्या. कणकेचे गोळे खेळायला दिले किंवा मैद्याची खळ करून चिकटकाम केलं, तर खाण्याआधी साबणानं हात धुणं आलंच.

लग्नात पांढरा भात आणि फळं यांपलीकडं विश्वास ठेवायला फारसं काही नसतं. बुंदी बेसनाची खरी, पण तळली पुऱ्यांच्या कढईत. येसर-आमटीचं वर सांगितलंच. घरून जेवू घालून न्या आणि डबा सोबत ठेवा. उपासाच्या घरी मात्र लेकरू निर्धास्त जेवतं, घरचीच साबुदाण्याची खिचडी, घरचीच भगर-आमटी. हुरडा पार्टीला खुशाल न्या, फक्त शेजारच्या आगटीत गव्हाच्या ओंब्या भाजत नाहीत ना ते बघा. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी, आंबील, आंबट भात, ज्वारी-बाजरीचे उंडे, सगळं चालतं. गव्हाची खीर तेवढी नाही. त्या दिवसासाठी तांदळाची किंवा ज्वारीच्या कण्यांची खीर वेगळ्या पातेल्यात करून न्यावी, आणि वाढायचा चमचा त्याच पातेल्यात राहील याची जबाबदारी एका माणसावर टाकावी.

सुधारणा कशी मोजायची

जुलाब आणि किरकिर बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होते, भूक उघडते. वजन महिन्यांत भरतं, उंची भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. सुरुवातीला आतडं झिजलेलं असल्यानं दूध पचत नाही. तसं दिसलं तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस दूध कमी करून दही-ताक द्यावं, आणि लव भरून आली की दूध पुन्हा सुरू. लोह, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, जस्त हे डॉक्टर सांगतील तितके दिवस.

उंची-वजन दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. टीटीजी तीन ते सहा महिन्यांनी करतात. आकडा उतरणीला लागला की वाट बरोबर आहे. नॉर्मल यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. उतरून पुन्हा चढला तर लेकरावर ओरडण्याआधी या क्रमानं शोधा: पीठ कुठं दळलं, हिंग कोणता, नवा मसाला किंवा पापड कुठून आला, आणि शेवटी शाळेत काय खाल्लं.

चुकून खाल्लं तर त्यावर उतारा नाही आणि बहुतेक वेळा दवाखान्यात पळायचीही गरज नाही. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस द्या. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडलं तर मात्र थांबू नका. काही मुलांना खाऊनही काहीच होत नाही, आणि त्यांचीच काळजी जास्त घ्यावी लागते. वरून दिसलं नाही तरी आतली लव झिजतच असते, आणि "बघ, काही झालं नाही" म्हणत पुढचं बिस्कीट हातात दिलं जातं.

चार-पाच वर्षांच्या लेकराला एक प्रश्न पाठ करून द्या: "याच्यात गहू आहे का?" समोरच्याला सांगता आलं नाही, तर त्यानं तो खाऊ खिशात घालून घरी आणायचा आणि आईकडून त्याच्या बदल्यात लाडू घ्यायचा. बदली लाडू दर वेळी, न चुकता, लगेच मिळाला पाहिजे. डब्यात चार लाडू कायम भरलेले ठेवा.